हिशोबाच्या प्रोग्रॅममध्येच छोटा वेब सर्व्हर कसा बसवावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की अडत दुकानात एकाच वेळी दोन ठिकाणी काम चालतं. मागे गोदामात काट्यावर पोती चढत असतात आणि पुढे दिवाणजी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशोब, करत असतात. या दोघांच्या मध्ये चिठ्ठी फिरते. काट्यावरचा पोरगा वजन लिहितो, कुणाच्या तरी हातून चिठ्ठी पुढे येते, दिवाणजी आकडे संगणकात भरतात आणि चिठ्ठी तारेला खोचतात. अशाच एका दुकानासाठी मी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला आहे. तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. एका दुपारी ते मला म्हणाले, "आरं, आकडा कॉम्प्युटरात हाय, मोबाईल माझ्या हातात हाय, मग गोदामात हुभं ऱ्हाऊन मला का दिसत न्हाई?"

प्रश्न रास्त होता. उत्तराच्या तीन वाटा होत्या. पहिली, सगळी माहिती नेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर न्यायची. पण मग शेतकऱ्यांचे व्यवहार दुकानाबाहेर जातात, दर महिन्याचं भाडं सुरू होतं आणि नेट गेलं की काम थांबतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकराला वीज आणि नेट एकदम जाऊ शकतात हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी वाट, दुकानाच्या संगणकावर अपाची वगैरे वेगळा सर्व्हर बसवायचा. म्हणजे सांभाळायला आणखी एक प्रोग्रॅम आला, आणि तो बंद पडला तर हिशोबाच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरी वाट मी धरली: जो प्रोग्रॅम आधीच चालू आहे, ज्याच्याकडे माहिती आहे, त्याच्याच पोटात एक छोटा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलं की पान पाठवणारा भाग, घालायचा. प्रोग्रॅम उघडला की सर्व्हर चालू, बंद केला की बंद.

सर्व्हर चालू करण्याचा भाग दहा-पंधरा ओळींत होतो. वेळ लागतो तो त्याच्याभोवतीच्या गोष्टींना, म्हणजे पत्ता, थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा), मराठी अक्षरं, फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारा पहारेकरी), आणि मुख्य म्हणजे कुणाला आत घ्यायचं याला. म्हणून खाली त्यांवरच जास्त लिहिलं आहे. माझा प्रोग्रॅम पायथनमध्ये आहे, पडदा टिकिंटरचा (पायथनमधली खिडक्या बनवायची लायब्ररी) आणि माहिती एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस). पण बहुतेक मुद्दे कुठल्याही भाषेला लागू पडतात.

हत्यार निवडणं

तुमचा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे तिच्यातलंच हत्यार घ्या. एवढ्याशा कामासाठी दुसरी भाषा आणू नका.

सी-शार्पमध्ये दोन पर्याय आहेत. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये एचटीटीपी-लिसनर आहे. तो विंडोजच्या आतल्या यंत्रणेवर चालतो, त्यामुळे स्वतःच्या संगणकाबाहेर ऐकायचं असेल तर पत्ता आधी विंडोजकडे नोंदवावा लागतो किंवा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवावा लागतो. नव्या डॉटनेटमध्ये केस्ट्रेल आहे, त्याला ही कटकट नाही. जावामध्ये सहाव्या आवृत्तीपासून एक साधा एचटीटीपी सर्व्हर सोबतच येतो. गो भाषेत तर सर्व्हर मूळ लायब्ररीतच आहे आणि २०२१ च्या १.१६ आवृत्तीपासून पानं, चित्रं सगळं एकाच एक्झी फाइलमध्ये कोंबता येतं. डेल्फीवाल्यांना इंडी माहीतच असेल.

सी आणि सी प्लस प्लससाठी मोंगूस, सिव्हेटवेब आणि एकाच हेडर फाइलमध्ये मावणारं सीपीपी-एचटीटीपीलिब आहे. इथे परवाना नक्की वाचा. मोंगूसचा परवाना २०१३ मध्ये एमआयटीवरून (कोड बंद ठेवू देणारा) जीपीएलकडे (कोड उघडा करायला लावणारा) वळला, म्हणून त्याच्या जुन्या मोकळ्या आवृत्तीतून सिव्हेटवेब वेगळं निघालं. तुम्ही प्रोग्रॅम विकणार असाल आणि त्याचा कोड उघडा करणार नसाल, तर हा फरक तुमच्या धंद्याशी निगडित आहे.

पायथनमध्ये अगदी साधं काम अंगभूत एचटीटीपी सर्व्हरने होतं. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की जगासमोर मांडायला हा वापरू नका. दुकानाच्या चार भिंतींत दोन-तीन मोबाईलसाठी मी तो वापरतो, पण खाली सांगितलेली सगळी बंधनं घालूनच. त्याहून मोठं काम असेल तर बॉटल (विनंत्यांना उत्तरं लिहायची लायब्ररी) आणि वेट्रेस (सर्व्हर) ही जोडी हलकी आहे.

पायथनच्या सर्व्हरचे दोन प्रकार आहेत: एका वेळी एकच विनंती हाताळणारा, आणि ३.७ आवृत्तीपासून मिळणारा, प्रत्येक विनंतीला वेगळा थ्रेड देणारा. दुसराच घ्या. क्रोम पुढे लागेल म्हणून एखादं जादा कनेक्शन आधीच उघडून ठेवतो आणि त्यावर काहीच पाठवत नाही. पहिल्या प्रकारचा सर्व्हर त्या मुक्या कनेक्शनकडे बघत बसतो आणि बाकीचे ताटकळतात. शिवाय कनेक्शनला काही मुदत आपणहून लावलेली नसते. हँडलरमध्ये, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, दहा सेकंदांचा टाइमआउट स्वतः घाला, म्हणजे वायफायच्या टापूबाहेर गेलेला मोबाईल एक थ्रेड कायमचा अडवून ठेवणार नाही.

पत्ता आणि पोर्ट

सर्व्हर सुरू करताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कुठल्या पत्त्यावर ऐकायचं आणि कुठल्या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्यावरच्या कितव्या दारावर.

सुरुवात नेहमी १२७.०.०.१ ने करा. या पत्त्यावर फक्त त्याच संगणकावरचे प्रोग्रॅम पोहोचू शकतात. बाहेरचा मोबाईल पोहोचत नाही, फायरवॉलही काही विचारत नाही. पान नीट दिसतंय, माहिती बरोबर येतेय, हे सगळं इथेच तपासून घ्या. पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट हे स्वतःच्याच संगणकाचं नाव मात्र लिहू नका. ते नाव आधी आयपीव्ही६ च्या (नव्या पद्धतीच्या) पत्त्याकडे नेऊ शकतं, तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर (जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर) ऐकत असतो, आणि मग विनंती एकदा आपटून परत यायला वेळ खाते. पान उगीच संथ का उघडतंय हे शोधण्यात दिवस जातो.

पोर्टचं काय? सर्व्हरचं पान तुमच्याच प्रोग्रॅमच्या खिडकीत दाखवायचं असेल तर पोर्टच्या जागी शून्य द्या. मग ऑपरेटिंग सिस्टिम एखादा मोकळा पोर्ट निवडून देते आणि तो कुठला हे तुम्ही सर्व्हरला विचारून घेता. भांडणाचा प्रश्नच येत नाही. मोबाईलवरून उघडायचं असेल तर मात्र पोर्ट ठरलेला बरा, नाहीतर अण्णांनी काल जपून ठेवलेला पत्ता आज चालणार नाही. मी ८७६५ घेतला. ८०८० टाळा, त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं सापडण्याची शक्यता जास्त.

यात विंडोजवर एक सापळा आहे. पायथनचा अंगभूत सर्व्हर तोच पोर्ट पुन्हा वापरू द्या असा पर्याय चालू ठेवूनच उघडतो. लिनक्सवर हे सोयीचं आहे. विंडोजवर त्याच पर्यायाचा अर्थ वेगळा होतो: दुसरा प्रोग्रॅमही त्याच पोर्टवर बिनबोभाट बसू शकतो. दिवाणजींनी चिन्हावर दोनदा क्लिक केलं आणि प्रोग्रॅमच्या दोन प्रती उघडल्या. एकही चूक दाखवली गेली नाही. मोबाईलची विनंती कुठल्या प्रतीकडे जाईल याचा भरवसा नाही, आणि अण्णांना बराच वेळ जुनेच आकडे दिसत राहिले. उपाय दोन आणि दोन्ही करा. विंडोजवर तो पर्याय बंद करा, म्हणजे दुसरी प्रत पोर्ट मागायला गेली की १००४८ क्रमांकाची चूक येते. ती पकडून "प्रोग्रॅम आधीच चालू आहे" असं स्वच्छ मराठीत दाखवा. आणि मुळात प्रोग्रॅमची एकच प्रत उघडेल अशी कुलूप-फाइल ठेवा.

वेगळा थ्रेड, आणि पडद्याला हात नाही

सर्व्हरचं चक्र एकदा फिरायला लागलं की ते थांबत नाही. ते मुख्य थ्रेडमध्ये सुरू केलंत तर प्रोग्रॅमची खिडकी गोठते. म्हणून सर्व्हर वेगळ्या थ्रेडमध्ये चालवायचा, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गफलत होते ती त्यानंतर.

मोबाईलवरून नवं वजन आलं, ते पडद्यावरच्या तक्त्यात दिसायला हवं. साहजिकच हात जातो तो हँडलरमधूनच तक्त्यात ओळ घालण्याकडे. असं करू नका. टिकिंटर असो, विनफॉर्म्स असो की क्यूटी, पडदा फक्त मुख्य थ्रेडने हलवायचा असतो. दुसऱ्या थ्रेडने हात लावला तर दहा वेळा चालतं आणि अकराव्या वेळी, नेमकं सौद्याच्या गर्दीत, प्रोग्रॅम बसतो.

मी मध्ये एक रांग ठेवली आहे. हँडलर आलेली नोंद तपासतो, डेटाबेसमध्ये लिहितो आणि "अमुक लॉटमध्ये बदल झाला" एवढाच निरोप रांगेत टाकतो. मुख्य थ्रेड दर १०० मिलिसेकंदांनी रांगेत डोकावतो आणि निरोप असेल तर तेवढा भाग डेटाबेसमधून ताजा करतो. सी-शार्पमध्ये हेच काम इन्व्होक किंवा डिस्पॅचर करतो, क्यूटीमध्ये सिग्नल.

डेटाबेसचंही तसंच. पायथनमधलं एसक्यूलाइटचं कनेक्शन ज्या थ्रेडने उघडलं त्यानेच वापरावं असा मूळ नियम आहे. तो बंद करायचा पर्याय असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक विनंतीला स्वतःचं कनेक्शन उघडा आणि काम झालं की मिटा, एसक्यूलाइटला ते जड जात नाही. डब्ल्यूएएल पद्धत चालू करा, म्हणजे एक जण लिहीत असताना बाकीचे वाचू शकतात. लिहिणारा मात्र एका वेळी एकच, म्हणून दुसऱ्याने थांबायची मुदत पाच सेकंद ठेवा. आणि डेटाबेसची फाइल दुसऱ्या संगणकाच्या शेअर केलेल्या फोल्डरात असेल तर डब्ल्यूएएल चालत नाही. फाइल त्याच संगणकावर आणा. आता मोबाईल सर्व्हरमार्फत येणार आहेत, फाइल शेअर करायची गरजही उरत नाही.

बंद करतानाचा क्रम: आधी सर्व्हरला थांबायला सांगा, मग रांगेतले निरोप संपवा, मग खिडकी मिटा. पायथनमध्ये थांबायचा हुकूम सर्व्हरचं चक्र ज्या थ्रेडमध्ये फिरतंय त्याच थ्रेडमधून देऊ नका, दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात. मुख्य थ्रेडमधून द्या.

उत्तर पाठवताना: हळद नऊ बाइटची असते

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर काही ओळी असतात. त्यातल्या दोन मराठीत काम करणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून बघाव्यात.

पहिली मजकुराचा प्रकार सांगते. तिथे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) असं स्पष्ट लिहा. नाहीतर ब्राउझर अंदाज बांधतो आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी कचरा दिसतो.

दुसरी मजकुराची लांबी सांगते, आणि ती बाइटमध्ये मोजायची असते, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. "हळद" या शब्दात तीन अक्षरं आहेत, पण बाइट नऊ. लांबी तीन लिहून पाठवलीत तर ब्राउझर तीन बाइट वाचतो, काम झालं असं समजतो आणि पडद्यावर एकटा "ह" उमटतो. "सांगली" मध्ये स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी अशा सहा खुणा आहेत, म्हणजे अठरा बाइट. माझ्याकडून हीच चूक झाली होती. घरी मी इंग्रजी नावं घालून तपासलं, सगळं चोख. दुकानात खरी मराठी नावं आल्यावर पानाच्या खालच्या ओळी गळायला लागल्या, आणि नेमकी एकूण वजनाची ओळ दिसेना. सकाळी दोन शेतकरी होते तेव्हा थोडंच कापलं जायचं, दुपारी वीस झाले की जास्त. नियम सोपा आहे: मजकूर आधी बाइटमध्ये बदला, मग त्या बाइटची लांबी मोजा. आणि तपासताना पहिल्या दिवसापासून "ज्ञानेश्वर", "कृष्णा", "कवठेमहांकाळ" असे जोडाक्षरांचे, लांबलचक शब्दच घाला.

आकड्यांचीही एक मराठी गंमत आहे. काट्यावरच्या पोराच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड असेल तर तो ४५.५ असं देवनागरीत टाइप करू शकतो. पायथन हा आकडा बरोबर वाचतो. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट आणि सी-शार्प मात्र त्याला आकडा मानतच नाहीत. म्हणून पानावर आकड्यांचंच कीबोर्ड उघडेल अशी चौकट ठेवा, आणि तरीही पाठवण्याआधी देवनागरी आकडे बदलून घेणारी दोन ओळींची सोय करा.

शिवाय बदलत्या माहितीच्या प्रत्येक उत्तरावर "साठवू नका" ही सूचना लावा. दराचा आकडा जुना दिसण्यापेक्षा पान न उघडलेलं परवडतं.

पान आणि फायली

पान साधं ठेवा. एक एचटीएमएल, एक सीएसएस, एक छोटी जावास्क्रिप्ट. फॉन्ट किंवा लायब्ररी नेटवरून ओढू नका, नेट गेलं की पान अर्धवट दिसेल. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच. अक्षर मोठं ठेवा, कारण ते पान हळदीने माखलेल्या बोटांनी, पत्र्याखाली, उन्हाच्या तिरिपीत वापरलं जाणार आहे.

फाइल देताना ब्राउझरने मागितलेला मार्ग जसाच्या तसा फोल्डरला जोडू नका. मार्गात दोन टिंबं घालून वरच्या फोल्डरात चढता येतं आणि तुमचा अख्खा डेटाबेसच बाहेर जाऊ शकतो. आपल्याकडे फायली तीन-चारच असतात. त्यांची नावं यादीत लिहा, यादीत नसेल ते "सापडलं नाही".

फाइलचा प्रकारही त्या यादीतच स्वतः लिहून ठेवा. पायथन तो विंडोजच्या रजिस्ट्रीत पाहतो, आणि कुठल्या तरी प्रोग्रॅमने तिथे ढवळाढवळ केलेली असली तर जावास्क्रिप्ट साधा मजकूर म्हणून जाते. मग ब्राउझर ती चालवायला नकार देऊ शकतो. तुमच्या संगणकावर चालतं, गिऱ्हाइकाच्या संगणकावर नाही, अशातला हा प्रकार आहे.

पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमची एक्झी बनवणारं हत्यार) एकच एक्झी केलीत तर आतल्या फायली दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडल्या जातात. पानांचा पत्ता तिथून काढा. डेटाबेस मात्र तिथे ठेवू नका, प्रोग्रॅम मिटला की ते फोल्डर पुसलं जातं.

दुकानाच्या वायफायवर उघडणं

आतापर्यंत सर्व्हर घरातल्या घरात बोलत होता. आता दार उघडायचं. प्रोग्रॅममध्ये "मोबाईलसाठी उघडा" असं बटण ठेवा आणि ते मुळात बंद असू द्या. दाबलं की सर्व्हर दुकानाच्या वायफायवरच्या संगणकाच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर ऐकायला लागेल. ०.०.०.० दिलं तरी चालतं, पण त्याचा अर्थ असेल नसेल त्या सगळ्या नेटवर्कवर असा होतो. लॅपटॉप उद्या लॉजच्या वायफायला जोडला तर तिथेही दार उघडं.

पहिल्यांदा उघडताना विंडोजची फायरवॉल विचारते. तिथे खासगी नेटवर्कला परवानगी द्यायची, सार्वजनिकला नाही. घाईत कुणी रद्द केलं तर विंडोज ते नुसतं विसरून जात नाही, त्या प्रोग्रॅमला अडवणारा नियम लिहून ठेवते आणि पुन्हा विचारतही नाही. मग सर्व्हर चालू दिसतो, संगणकावर पान उघडतं, मोबाईलवर मात्र नुसतं चाक फिरत राहतं. असं झालं तर फायरवॉलच्या यादीत जाऊन तो नियम काढा. त्याहून बरं म्हणजे प्रोग्रॅम बसवतानाच इन्स्टॉलरमधून योग्य नियम घालून द्या.

फायरवॉल बरोबर असूनही मोबाईल पोहोचत नसेल तर राउटर बघा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर बहुतेक राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत. मोबाईल आणि संगणक मुख्य नेटवर्कवर हवेत. आणि राउटरमध्येच संगणकाचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलेल.

पत्ता टाइप करायला कुणाला सांगू नका. प्रोग्रॅमच्या खिडकीत क्यूआर कोड दाखवा. क्यूआर स्कॅन करायची सवय आता भाजीवाल्यापासून सगळ्यांना आहे.

कुणाला आत घ्यायचं

हा भाग उशिरा लिहिला असला तरी दार उघडण्याआधी पुरा करायचा आहे.

पुष्कळांना वाटतं, १२७.०.०.१ वर ऐकणारा सर्व्हर आपोआप सुरक्षित असतो. नसतो. त्याच संगणकावर ब्राउझर आहे, आणि ब्राउझरमध्ये उघडलेली कुठलीही वेबसाइट त्या पत्त्याकडे विनंती पाठवू शकते. जुलै २०१९ मध्ये झूमच्या मॅकवरच्या प्रोग्रॅमबाबत हेच उघडकीला आलं. त्याने संगणकात एक छोटा सर्व्हर बसवला होता. कुठलंही वेबपान त्याला हाक मारून माणसाला मीटिंगमध्ये ओढू शकत होतं, कॅमेऱ्यासकट. प्रोग्रॅम काढून टाकला तरी तो सर्व्हर मागे राहत होता. अखेर ॲपलने स्वतः अपडेट पाठवून तो हटवला.

म्हणून चार बंधनं. पहिलं, विनंतीत होस्ट नावाची ओळ असते. त्यात तुमचाच पत्ता आणि पोर्ट असेल तरच पुढे जा. एखादी वेबसाइट आपल्या नावाचा पत्ता हळूच बदलून तुमच्या संगणकाकडे वळवू शकते, ती इथे पकडली जाते. दुसरं, माहिती बदलणारं कुठलंही काम साध्या लिंकने होऊ देऊ नका, ते पोस्ट विनंतीनेच (माहिती पाठवायची वेगळी विनंती) व्हावं आणि तिच्यातली ओरिजिन ओळ, म्हणजे विनंती कुठल्या साइटच्या पानावरून आली ते सांगणारी ओळ, तपासावी. तिसरं, सीओआरएस ओळ दुसऱ्या वेबसाइटना तुमची उत्तरं वाचू देते; सगळ्यांना परवानगी देणारी तारांकित सीओआरएस ओळ कधीही लावू नका. अडचण सुटली म्हणून ती ओळ उतरवून घेतलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

चौथं, किल्ली. प्रोग्रॅम प्रत्येक मोबाईलसाठी लांब, अंदाज न लागणारी किल्ली बनवतो आणि ती क्यूआर कोडमध्येच घालतो. मोबाईलने एकदा स्कॅन केलं की सर्व्हर ती कुकीत ठेवतो, एचटीटीपी-ओन्ली (पानातल्या जावास्क्रिप्टला कुकी दिसत नाही) आणि सेमसाइट (परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जात नाही) ही बंधनं लावून. किल्लीसाठी साधा रँडम वापरू नका, पायथनमध्ये त्यासाठी सीक्रेट्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे. किल्लीबरोबर अधिकारही ठरवा. काट्यावरचा मोबाईल फक्त वजन घालू शकतो, अण्णांचा मोबाईल सगळं पाहतो पण काही बदलू शकत नाही. मोबाईल हरवला तर प्रोग्रॅममधून तेवढी किल्ली रद्द.

हे सगळं साध्या एचटीटीपीवर आहे, म्हणजे वायफायवरून माहिती उघडी जाते. दुकानाच्या मुख्य वायफायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊ नका. बँकेचे तपशील या पानांवर मी ठेवलेलेच नाहीत.

साध्या एचटीटीपीमुळे ब्राउझर काही सोयीही काढून घेतो. पानातून थेट कॅमेरा चालू करायचा तर एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद एचटीटीपी, लागतं. लोकलहोस्टला सूट आहे, १९२.१६८ ला नाही. त्यामुळे संगणकावर चालणारा कॅमेरा मोबाईलवर चालत नाही. पोत्याचा किंवा पावतीचा फोटो हवा असेल तर फाइल निवडायची साधी चौकट ठेवा आणि तिला कॅप्चर हा गुण लावा. मोबाईल स्वतःचा कॅमेरा उघडतो आणि फोटो पाठवतो.

काट्यावरून वजन येताना

वाचायचं पान तयार झालं की लगेच लिहायचं पान मागितलं जातं. इथे सगळ्यात जास्त जपायला हवं, कारण चुकीचा आकडा थेट शेतकऱ्याच्या पट्टीत जातो.

गोदामाच्या टोकाला वायफाय लटपटतं. पोरगा ४८ किलो लिहून "जतन करा" दाबतो. नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते, डेटाबेसमध्ये जाते, पण उत्तर परत येताना सिग्नल जातो. त्याला वाटतं झालं नाही, तो पुन्हा दाबतो. पट्टीत एकाच पोत्याची दोन पोती होतात.

उपाय असा: नोंद सुरू होतानाच मोबाईलवरच्या पानाने तिला एक क्रमांक द्यायचा, आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक पाठवायचा. डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर "दुसऱ्यांदा नको" असं बंधन घाला. तोच क्रमांक पुन्हा आला तर चूक दाखवू नका, "नोंद झाली आहे" असंच उत्तर द्या. क्रमांक बनवायला ब्राउझरमध्ये तयार यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब क्रमांक) मिळतो, पण तोही फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर. त्याऐवजी त्याच क्रिप्टो सोयीतले यादृच्छिक आकडे घ्या, ते साध्या एचटीटीपीवरही मिळतात.

नवे आकडे पानावर आपोआप यावेत म्हणून दर तीन सेकंदांनी विचारणा करणं पुरेसं आहे. सर्व्हरकडून सतत वाहणारा प्रवाहही ठेवता येतो आणि तुटला तर तो आपण होऊन पुन्हा जुळतो. पण एका ब्राउझरला एका पत्त्याशी एका वेळी सहाच कनेक्शन मिळतात. सात टॅब उघडे राहिले की सातवं पान लटकतं. दोन-तीन मोबाईलसाठी मी साधी विचारणाच ठेवली.

शेवटची तपासणी दुकानात करा, घरी नाही. मोबाईल घेऊन गोदामाच्या शेवटच्या थप्पीपर्यंत चालत जा. नोंद पाठवताना मुद्दाम वायफाय बंद करा, तीनदा दाबा, आणि पट्टीत एकच पोतं आलंय का बघा. संगणक किती वेळाने झोपतो ते बघा, कारण तो झोपला की सर्व्हरही झोपतो. राउटरला संगणकाच्याच यूपीएसवर घ्या, नुसता संगणक जागा राहून उपयोग नाही. आणि पहिला आठवडा चिठ्ठ्या बंद करू नका. संध्याकाळी सौदे उरकले की दिवाणजी तारेवरच्या चिठ्ठ्या काढतात आणि मी पडद्यावरचे आकडे वाचतो. प्रत्येक लॉटची पोती आणि वजन जुळलं की तेवढ्या चिठ्ठ्या बाजूला. सलग सहा दिवस सगळं जुळलं, तेव्हाच काट्यावरचं चिठ्ठ्यांचं पॅड आम्ही कपाटात ठेवलं.